दहा खोकी कुठे गेली? औषधालयात स्मार्ट लेबल आणि ट्रॅकिंग बसवताना

समजा, आज दुपारी पत्र आलं: अमुक गोळीची अमुक बॅच कंपनीनं परत मागवली आहे, विक्री ताबडतोब थांबवा. खरेदीच्या बिलानुसार त्या बॅचची दहा खोकी तुमच्याकडे आली होती. आता त्यातली रॅकवर किती आहेत, परतीच्या मालात किती पडली आहेत, आणि जी विकली गेली ती कोणाकोणाकडे आहेत?

स्मार्ट लेबलांबद्दल बोलणारे बहुतेक जण चिपपासून सुरुवात करतात. मी या पत्रापासून करतो, कारण या प्रश्नाचं उत्तर किती मिनिटांत मिळतं यावरूनच सगळ्या यंत्रणेची लायकी कळते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक तालीम करा. दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेली कुठलीही एक बॅच निवडा, घड्याळ लावा आणि हाताशी असलेल्या वह्या, बिलं, संगणक यांच्या आधारे त्या बॅचच्या प्रत्येक खोक्याचा माग काढा. किती वेळ लागला आणि किती खोक्यांचा पत्ता लागलाच नाही, हे दोन आकडे कागदावर लिहून काउंटरच्या मागे चिकटवा. पुढचं सगळं काम हे दोन आकडे खाली आणण्यासाठी आहे.

लेबलांची जात ओळखा

स्मार्ट लेबल या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि विकणारा त्यांतला फरक स्वतःहून सांगेलच असं नाही. छापील कोड ही पहिली जात: बारकोड, क्यूआर कोड, डेटामेट्रिक्स. यात नुसती शाई असते. दुसरी आरएफआयडी आणि तिचीच जवळची बहीण एनएफसी. यात चिप आणि अँटेना असते आणि रेडिओ लहरींवर वाचन होतं. तिसरी जात म्हणजे उष्णतेनं रंग बदलणारं लेबल. चौथी म्हणजे बॅटरीवर चालणारा तापमानाचा लॉगर, म्हणजे ठरावीक वेळानं तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र, जे खरं तर लेबल नाहीच, पण यादीत नेहमी तिथेच बसवतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. औषधालयानं पहिल्या आणि चौथ्यापासून सुरुवात करावी. आरएफआयडी सर्वांत शेवटी, आणि कित्येकांना ती कधीच लागणार नाही.

खोक्यावरची चौकट वाचायला शिका

व्यापारात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, च्युइंगमच्या पाकिटावर. तो जुना उभ्या रेघांचा बारकोड फक्त वस्तू कोणती एवढंच सांगतो. त्या मालाच्या प्रत्येक पाकिटावर तोच आकडा. च्युइंगमला तेवढं पुरतं. औषधाला पुरत नाही, कारण शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या खोक्यांची बॅच वेगळी असू शकते आणि एक्स्पायरीही. म्हणूनच औषधांच्या खोक्यावर हल्ली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची छोटी चौकट दिसते. तिला डेटामेट्रिक्स म्हणतात. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून बहुतेक प्रिस्क्रिप्शनच्या औषधांवर प्रत्येक खोक्याचा स्वतंत्र क्रमांक असलेली ही चौकट सक्तीची झाली. अमेरिकेनं २०१३ च्या कायद्यानं त्याच दिशेनं टप्प्याटप्प्यानं पावलं टाकली. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड आला. थोडक्यात, बराचसा माल तुमच्याकडे येतो तेव्हा त्याची ओळख अंगावर घेऊनच येतो. तुम्हाला फक्त ती वाचायची आहे.

जीएस१ या बारकोडांच्या जागतिक मानकानं बनलेल्या चौकटीत माहितीच्या प्रत्येक तुकड्याआधी एक अंकी खूण असते; आपल्याला लागणाऱ्या चारही खुणा दोन अंकांच्या. ०१ नंतर १४ अंकी उत्पादन क्रमांक. १७ नंतर सहा अंकी एक्स्पायरी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २७०९३० म्हणजे ३० सप्टेंबर २०२७. दिवसाच्या जागी ०० दिसलं तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस समजायचा. काही सॉफ्टवेअर इथे अडखळतात आणि तारीख रिकामीच सोडतात. १० नंतर बॅच, २१ नंतर त्या एकाच खोक्याचा अनुक्रमांक.

आता खरी मेख. उत्पादन क्रमांक आणि तारीख यांची लांबी ठरलेली आहे, पण बॅच आणि अनुक्रमांक २० अक्षरांपर्यंत कितीही लांब असू शकतात. बॅच कुठे संपली हे कळावं म्हणून मध्ये एक न दिसणारं विभाजक चिन्ह असतं. स्कॅनर कीबोर्डसारखा जोडलेला असेल तर पुष्कळदा तो हे चिन्ह गाळून टाकतो. मग बॅच केटी१२ आणि अनुक्रमांक ५५०७ असताना सॉफ्टवेअरला दिसतं १०केटी१२२१५५०७, आणि ते बॅच म्हणून केटी१२२१५५०७ नोंदवून मोकळं होतं. पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. चूक कळते ती थेट बॅच परत मागवल्याचं पत्र आल्यावर, कारण केटी१२ शोधली की शून्य खोकी सापडतात.

म्हणून स्कॅनर विकत घेण्याआधी एक तासाची परीक्षा घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची २०-२५ खोकी गोळा करा, त्यात दोन-तीन मुद्दाम चकचकीत आणि दोन-तीन गोल बाटल्या घ्या. प्रत्येक कोड तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये वाचून बॅच आणि तारीख खोक्यावरच्या छापील अक्षरांशी डोळ्यांनी ताडून बघा. एकही अक्षर जास्तीचं आलं तर स्कॅनरच्या सेटिंगमध्ये विभाजक पाठवण्याची सोय चालू करून घ्या आणि परीक्षा पहिल्यापासून करा. हीच परीक्षा एकदा कॅप्स लॉक चालू ठेवून आणि एकदा संगणकावर मराठी कीबोर्ड चालू ठेवूनही करा. कीबोर्डसारखा जोडलेला स्कॅनर अक्षरशः टाइप करत असतो, त्यामुळे पत्र लिहिताना निवडलेली मराठी तशीच राहिली की बॅचच्या इंग्रजी अक्षरांच्या जागी भलतीच देवनागरी अक्षरं उमटतात.

स्कॅनरचं एवढंच: जुना लाल रेघ मारणारा लेझर स्कॅनर चौकट वाचत नाही. कॅमेऱ्यासारखं चित्र टिपणारा हवा. फोनचा कॅमेरा तालमीपुरता चालतो. गर्दीत चालत नाही.

मास्टर यादी स्वच्छ करा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संगणकातल्या औषधांच्या यादीत एकच गोळी तीन वेगळ्या स्पेलिंगनी असेल तर स्कॅनर काय करणार? हे काम कंटाळवाणं आहे, कोणी त्याचं कौतुक करत नाही, आणि याच टप्प्यावर बहुतेक यंत्रणा गाळात जातात. प्रत्येक औषध, प्रत्येक ताकद, प्रत्येक पाकिटाचा आकार अशी वेगळी नोंद हवी. दहा गोळ्यांच्या आणि तीस गोळ्यांच्या पाकिटांचे उत्पादन क्रमांक वेगळे असतात. बाहेरच्या मोठ्या बॉक्सचाही वेगळा क्रमांक असतो. घाईत बाहेरचा बॉक्स स्कॅन झाला आणि त्यात किती पाकिटं हे यादीत नसेल, तर पन्नास पाकिटं आली तरी संगणकात एकच जमा होतं.

एक नियम पहिल्याच दिवशी घाला: अनोळखी कोड यादीतल्या औषधाशी जोडण्याचा अधिकार फक्त एक-दोन जणांना. काउंटरवर रांग लागलेली असताना कोणीतरी नवा कोड चुकीच्या औषधाशी जोडला, तर त्यानंतर यंत्र चुकीच्या औषधाला रोज हिरवा दिवा दाखवेल, आणि माणसं यंत्रावर विश्वास ठेवून बघणंच सोडून देतील. चुकीची जोडणी ही जोडणी नसण्यापेक्षा जास्त धोक्याची.

माल आत घेताना

माल उतरवून घेण्याच्या टेबलावरच पहिलं स्कॅन व्हायला हवं, रॅकवर लागल्यानंतर नाही. बिलावरची बॅच आणि खोक्यावरची बॅच यांत तफावत निघाली तर तो माल वेगळ्या क्रेटमध्ये जातो; त्या क्रेटला संगणकातही स्वतंत्र जागा द्या, म्हणजे त्यातलं औषध चुकून विकलं जाणार नाही. खोक्याचं सील फाटलेलं किंवा छपाई विचित्र वाटत असेल तर तेही इथेच थांबवायचं. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तपासलेल्या औषधांपैकी सुमारे दहातलं एक निकृष्ट किंवा बनावट निघतं, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये दिला होता. ओरिजिनल कोडची नक्कल छापता येते हेही लक्षात असू द्या. कोड वाचला गेला म्हणजे औषध खरं, असं नाही. त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या किंवा सरकारी यादीशी ताडून पाहिला तरच काही कळतं. युरोपातली पद्धत अशीच आहे: औषध देताना खोक्याचा क्रमांक मध्यवर्ती यादीतून बाद होतो, आणि तोच क्रमांक पुन्हा कुठे वाचला गेला तर इशारा येतो.

त्यानंतर प्रत्येक कप्प्याला स्वतःचा कोड चिकटवा आणि आधी कप्पा, मग खोकं अशा क्रमानं स्कॅन करून माल लावा. याचा फायदा एक्स्पायरीत दिसतो. आधी आलेलं आधी विकायचं ही जुनी सवय औषधाला लागू पडत नाही, कारण कालच आलेल्या मालाची मुदत गेल्या महिन्यातल्या मालाच्या आधी संपत असू शकते. ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यायचं, आणि ते कोणत्या कप्प्यात आहे हे पडद्यानं सांगायचं.

ज्या मालावर कोडच नाही, किंवा जो तुम्ही फोडून लहान पाकिटांत भरता, त्याला स्वतःचं लेबल छापावं लागेल. साधा थर्मल कागद उन्हानं, उष्णतेनं आणि निर्जंतुकीकरणाच्या अल्कोहोलनं पुसट होतो; महिनोन् महिने टिकायला हवं ते लेबल रिबन वापरणाऱ्या प्रिंटरवर काढा. बारीक बाटलीवर रेघांचा बारकोड शिडीच्या पायऱ्यांसारखा लावा, म्हणजे बाटली उभी असताना रेघा आडव्या दिसतील. उलट लावला तर कडेच्या रेघा गोलाईवर वळून दिसेनाशा होतात. कोडच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडा. फ्रीजमध्ये जाणाऱ्या वस्तूला थंडीत टिकणारा गोंद लागतो, आणि लेबल वस्तू कोरडी असतानाच लावावं, दव साचल्यावर लावलेलं निघून येतं. मूळ बॅच आणि एक्स्पायरी आपल्या लेबलाखाली झाकू नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

काउंटरवर

इथे स्कॅनचं काम मोजदाद नसून अडवणूक आहे. प्रिस्क्रिप्शनमधलं औषध आधी संगणकात उमटलेलं असलं पाहिजे आणि हातातलं खोकं त्याच्याशी ताडलं गेलं पाहिजे, तेही पिशवीत पडण्याआधी. बिल करताना शेवटी एकदम सगळं स्कॅन करणारी दुकानं स्टॉक बरोबर ठेवतात, पण चूक अडवत नाहीत. नीट ताडणी झाली तर फरक पडतो याला पुरावा आहे: अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे वॉर्डात औषध देतानाच्या चुका, वेळेच्या चुका सोडून, बारकोड नसलेल्या विभागांत ११.५ टक्के होत्या, तर बारकोड असलेल्या विभागांत ६.८ टक्के. चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे.

सारख्या नावांच्या औषधांसाठी इंग्रजीत नावातली वेगळी अक्षरं मोठ्या लिपीत छापायची युक्ती वापरतात. हायड्रॉक्झिझिन आणि हायड्रॅलझिन ही त्यातली प्रसिद्ध जोडी. एक ॲलर्जीवर, दुसरं रक्तदाबावर. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे मराठी लेबलावर ही युक्ती जमत नाही. ठळक टाइप किंवा रंगाची पट्टी वापरा, आणि खरी भिस्त स्कॅनवर ठेवा.

माणसं पळवाटा काढतात, आणि त्या आळसातूनच येतात असं नाही. तीन खोकी द्यायची असतील तर एकच खोकं तीनदा स्कॅन करणं सोपं असतं. त्यातलं तिसरं खोकं वेगळ्या ताकदीचं निघालं की झालं. वाचायला त्रास देणाऱ्या कोडची झेरॉक्स कोणीतरी काउंटरला चिकटवून ठेवतं. माझा अनुभव असा की अशी झेरॉक्स दिसली तर तिच्यामागे बहुतेक वेळा खरी अडचण असते: स्कॅनर दोन पावलं लांब आहे, चकचकीत खोक्यावर उजेड पडतो, किंवा यंत्र दर दुसऱ्या स्कॅनला विनाकारण केकाटतं. रागावण्याआधी ती अडचण काढा. दर आठवड्याला एकच आकडा बघा, स्कॅन टाळून हातानं नोंदवलेल्या वस्तू किती. तो वाढत असेल तर काउंटरवर जाऊन तासभर नुसते उभे राहा.

पाकीट फोडून सुट्या गोळ्या दिल्या की ओळख तुटते. स्ट्रिपवर बॅच आणि तारीख एकाच टोकाला छापलेली असते, आणि ते टोक कापून गेलं की उरलेली स्ट्रिप अनाथ. छापील टोक नेहमी दुकानात उरणाऱ्या तुकड्याकडे ठेवा, आणि देणाऱ्या पाकिटावर औषधाचं नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी असलेलं छोटं लेबल छापा.

रुग्णाच्या हातातलं लेबल

रुग्णाच्या लेबलावर क्यूआर कोड द्यायचा असेल तर त्यात नाव, आजार, फोन नंबर भरू नका. बाटली कचऱ्यात जाते आणि तो कोड कोणाच्याही फोनला वाचता येतो. कोडमध्ये नुसता एक निरर्थक क्रमांक हवा, बाकी माहिती तुमच्या संगणकात. सर्वांसाठी खुली असलेली माहिती, म्हणजे गोळी कशी घ्यायची याचा मराठी आवाजातला खुलासा, कोडमागे ठेवायला हरकत नाही. कमी दिसणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. पण किती गोळ्या, केव्हा, जेवणाआधी की नंतर, हे मोठ्या अक्षरांत कागदावरच छापा. ज्याच्याकडे फोन नाही त्यालाही ताप येतो.

फ्रीज

इन्सुलिन आणि बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. सगळे जण उष्णतेला घाबरतात, तर गोठण्याकडे दुर्लक्ष होतं. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं, ते वितळून पुन्हा साधं दिसत असलं तरी. ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसीही गोठल्या की बाद. फ्रीजची मागची भिंत, थंड हवेच्या झरोक्यासमोरची जागा आणि बर्फाच्या कप्प्याखालचा खाना इथे काहीही ठेवू नका.

लॉगरचा सेन्सर औषधांच्या मध्ये, ग्लायकॉल हा सहज न गोठणारा द्रव भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवा. उघडा सेन्सर दार उघडलं की लगेच वर जातो आणि दिवसभर खोटे इशारे देतो. द्रवातला सेन्सर कुपीतल्या औषधाला जे सोसावं लागतं तेच दाखवतो. दर १५ ते ३० मिनिटांनी नोंद पुरते. वर जाण्याच्या इशाऱ्याला थोडी सवड दिली तरी चालेल, खाली जाण्याच्या इशाऱ्याला देऊ नका. इशारा कोणाच्या फोनवर जाणार, रात्री दोन वाजता तो उचलणार कोण आणि औषधं हलवणार कुठे, हे कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावा. लॉगरच्या अचूकतेच्या दाखल्याला मुदत असते, तीही कॅलेंडरात घाला.

रंग बदलणारी लेबलं वेगळं काम करतात. लसीच्या कुपीवरचं व्हीव्हीएम (व्हॅक्सीन व्हायल मॉनिटर) हे त्यातलं सर्वांत परिचित. १९९६ मध्ये तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर ते आलं. वर्तुळात एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट आहे तोवर कुपी वापरता येते, दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की बाद. ते आजवर सोसलेल्या उष्णतेची बेरीज दाखवतं, आत्ताचं तापमान नाही. आणि कुपी गोठली होती का, हे ते मुळीच सांगत नाही. त्यासाठी गोठण्याचा वेगळा दर्शक लागतो.

आरएफआयडी केव्हा

साध्या आरएफआयडी टॅगमध्ये बॅटरी नसते, वाचकाच्या लहरींवरच तो जागा होतो. १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग काही सेंटिमीटरवरून वाचले जातात. ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले काही मीटरवरून, डझनावारी एकदम. विक्रेता दाखवतो ते हेच: रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग आणि क्षणात मोजणी. पण औषधालय म्हणजे ॲल्युमिनियमच्या स्ट्रिप आणि पाण्यानं भरलेल्या बाटल्या. धातू या लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. वरच्या थरातली खोकी दिसतात, आतली लपतात, आणि शेजारच्या खणातल्या वस्तू मात्र मोजणीत घुसतात. प्रात्यक्षिक नेहमी तुमच्याच सिरप आणि स्ट्रिपवर, खण भरलेला असताना मागा. शंभरपैकी सत्त्याण्णव वाचले गेले तर राहिलेले तीन शोधायला पुन्हा माणूसच लागतो.

तरीही एक जागा आहे जिथे ती शोभते. रुग्णालयाच्या औषधालयात तातडीच्या औषधांचे ठरलेले ट्रे असतात, प्रत्येकात डझनावारी कुप्या, आणि परत आलेल्या ट्रेमधून काय वापरलं, कशाची मुदत संपत आली हे दर वेळी हातानं बघावं लागतं. टॅग लावलेला ट्रे बंद पेटीत ठेवून एका दमात तपासता येतो. थोड्या, महागड्या, वारंवार मोजाव्या लागणाऱ्या वस्तू असतील तर विचार करा. तापाच्या गोळीसाठी नको.

वीज गेली, नेट गेलं

सगळ्या संगणकांची आणि लॉगरची घड्याळं एकच वेळ दाखवतात का, हे सुरुवातीलाच बघा. घड्याळ चुकलं की मागही चुकतो. यंत्रणा बंद पडल्यावर लिहायची कागदी वही काउंटरखाली तयार ठेवा, तिच्यात बॅचचा रकाना छापलेला असू द्या, आणि यंत्रणा सुरू झाल्यावर त्या नोंदी संगणकात कोण चढवणार त्याचं नाव आधीच ठरवा.

तालीम, पुन्हा

सुरुवात एका रॅकनं करा, शक्यतो सारख्या नावांच्या किंवा फ्रीजमधल्या औषधांनी. महिन्याभरानं त्याच रॅकवरची एक बॅच निवडा, घड्याळ लावा आणि काउंटरमागचा कागद काढा. वेळ घटलेला दिसेल. पत्ता न लागलेली खोकी मात्र शून्यावर येणार नाहीत, आणि ती बहुधा तीनच ठिकाणी सापडतात: फोडून सुटी दिलेली पाकिटं, ग्राहकानं परत आणलेला आणि स्कॅन न करता बाजूला ठेवलेला माल, आणि ग्राहकाचा संपर्क न घेता केलेली विक्री. पहिल्या दोघांसाठी टेबलाजवळ एक लेबल प्रिंटर आणि परतीच्या क्रेटवर एक कोड एवढं पुरेल. तिसऱ्यासाठी ग्राहकाला विचारावं लागतं, कारण सांगून: ही बॅच कधी परत मागवली तर तुम्हाला कळवायला नंबर हवा आहे. कारण सांगितलं की बरेच जण देतात, आणि जो देत नाही त्याला बॅच छापलेलं बिल सांभाळून ठेवायला सांगायचं.